गायधनी मॅडमची भिंत

गायधनी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनला लाकडी पट्टी लावून बसल्या होत्या. शाळेत मिळते तसली एक फुटाची पट्टी, कडेला शाईचे डाग पडलेली. स्क्रीनवर कुणीतरी काढलेला ग्राफ होता आणि मॅडम त्यातला एकेक स्तंभ खालून वर मोजत होत्या. मी मुलाखतीला आलो होतो. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, दारात उभा. पाच मिनिटं त्यांनी मान वर केली नाही. मग पट्टी तशीच धरून म्हणाल्या, "रिकामा चौकोन आणि शून्य, फरक काय?"

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. उत्साहानं इंग्रजीत सुरू झालो. त्यांनी पट्टी टेबलावर आपटली.

"मराठीत सांग. माझ्या चहावाल्याला कळेल असं."

मी मराठी शब्द जुळवत होतो. त्यांनीच सांगितलं. "शून्य म्हणजे माणूस 'नाही' म्हणाला. रिकामं म्हणजे त्याला कुणी विचारलंच नाही. हे ज्याला कळत नाही तो आयुष्यभर चुकीचे ग्राफ काढतो. उद्यापासून ये."

आमचं ऑफिस नाशकात द्वारका चौकाशी, बॅटरीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. सर्व्हे करून देणारी छोटीशी संस्था. कुणाला काय विचारायचं ते बाहेरचे लोक ठरवून देत, आमची फिल्डची माणसं घरोघर फिरून फॉर्म भरून आणत, आणि मॅडम, मी आणि एक-दोन जण ते फॉर्म एक्सेलमध्ये चढवून तक्ते आणि ग्राफ काढून देत असू. चौकातल्या हॉर्नमुळे खिडकी कायम बंद ठेवावी लागे. मॅडम पंचवटीतून येत. द्वारकेचा तो चौक ओलांडताना त्या डावा हात आडवा धरून सरळ चालत सुटत, ट्रकवाले करकचून ब्रेक मारत, शिव्या घालत, आणि मॅडम त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. ऑफिसातही त्या तशाच चालायच्या.

ठेंगण्या, काटक, लग्न न केलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. सुती साडी, घट्ट अंबाडा. कीबोर्डवर उजव्या हाताचं एकच बोट चालायचं, पण त्या बोटाला माझी दहा बोटं कधी गाठू शकली नाहीत. नवीन डेटा आला की तासभर नुसत्या रांगा वर-खाली सरकवत वाचत बसत. कुणी तेवढ्यात ग्राफ काढायला घेतला तर ओरडत, "चित्र नंतर. आधी रांगा." ग्राफ हातात आला की त्यांचं बोट आधी आडव्या अक्षावरून फिरे, मग उभ्या अक्षावरून, आणि मग कोपऱ्यात, जिथे काढणाऱ्याचं नाव असे. नाव कायम शेवटी. "नाव आधी वाचलं की डोळे फितूर होतात," असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना खूश करायला निघालो. एका सर्व्हेचे स्तंभ मी त्रिमितीत काढले, सावल्या दिल्या, सहा रंग भरले, मागे फिकट निळं आकाश टाकलं. मॅडमनी प्रिंट काढायला सांगितली आणि चहावाल्या निकमकाकांना हाक मारली. निकमकाका साठीचे, खालच्या टपरीवरून दिवसातून चारदा चहा आणत. चौथीपर्यंत शिकलेले.

"काका, यातला सगळ्यात उंच कोणता?"

निकमकाकांनी किटली खाली ठेवली, चष्मा लावला, आणि बराच वेळ बघून मागच्या ओळीतल्या एका स्तंभावर बोट ठेवलं. तो उंचीत तिसऱ्या नंबरचा होता. मागे काढल्यामुळे आणि कललेला असल्यामुळे उंच दिसत होता.

"काका चुकले की तू चुकलास?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"मोठ्यानं."

"मी चुकलो, मॅडम."

"आता काकांची माफी माग. त्यांना खोटं दाखवलंस तू."

सगळ्यांसमोर मी निकमकाकांची माफी मागितली. काका बिचारे ओशाळून म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, माझीच नजर कमी हाय." त्या दिवसापासून माझा प्रत्येक ग्राफ आधी निकमकाकांकडे जाऊ लागला. त्यांना कळला तर पास. अपमान माझ्या अजून जिव्हारी लागलेला आहे, पण खरं सांगायचं तर ग्राफ काढायला मी त्याच दिवशी शिकलो.

मॅडमची जीभ फक्त हाताखालच्यांवरच चाले असं नव्हतं. एकदा एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आले. त्यांच्या पालकांचा सर्व्हे आम्ही केला होता, समाधानी पालक जरासे वाढले होते. ग्राफमध्ये दोन स्तंभ जवळजवळ सारखेच दिसत होते. अध्यक्षांना ते बघवेना. खुर्ची पुढे ओढून लाडात म्हणाले, "मॅडम, उभी रेघ शून्यापासून कशाला सुरू करता? साठापासून करा की. वाढ उठून दिसेल."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग निकमकाकांच्या ट्रेमधले दोन काचेचे कप उचलून त्यांच्यापुढे ठेवले. दोन्हीत चहा जवळजवळ सारखाच होता. त्यांनी एक जाड फाईल दोन्ही कपांसमोर अशी उभी धरली की फक्त वरचा बोटभर चहा दिसावा.

"आता सांगा, कोणत्या कपात दुप्पट चहा आहे?"

अध्यक्ष हसले. मॅडम हसल्या नाहीत. "खोटं बोलायचं तर स्वतःच्या तोंडानं बोला. माझ्या शाईनं नको."

ते काम गेलं. मालकांनी दोन दिवस मॅडमशी बोलणं टाकलं. मॅडमना फरक पडला नाही. मला मात्र त्या दिवशी त्यांच्याबद्दल काय वाटलं ते लिहितानाही थोडी लाज वाटते: असं वाटलं की या बाईच्या पायाशी बसून आयुष्यभर काम करावं.

घरच्याविषयी त्या एकदाच बोलल्या. वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे उपाध्ये. कुठल्याशा गावचा माणूस येऊन आडनाव सांगायचा आणि वडील फडताळातून यात्रेकरूंच्या नोंदींची नेमकी चोपडी काढून त्याच्या पणजोबाची सही त्याला दाखवायचे. "आमच्याकडे माणूस मेला तरी त्याची ओळ राहते," मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, तुम्हीही लिहायचात का? त्या टिफिनचं झाकण लावत होत्या. "दोघे भाऊ लिहायचे. दोघांचं अक्षर कावळ्याच्या पायासारखं. माझ्या हाताची एक ओळ त्या घरात नाही." झाकण घट्ट बसवलं आणि पुढच्या मिनिटाला माझ्या तक्त्यातली बेरीज चुकल्याबद्दल त्या माझ्यावर तुटून पडल्या.

आता भिंतीविषयी सांगायला हवं. आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना रोग म्हणजे घरी बसून भरलेले फॉर्म. उन्हातान्हात शंभर दारं वाजवण्यापेक्षा हॉटेलात बसून शंभर माणसं मनानं रचणं सोपं. मॅडमना ते ओळखता येई, आणि कसं ते त्यांनी मला जगतापच्या वेळी दाखवलं. जगताप आमचा दहा वर्षांचा जुना माणूस. सातपूरच्या वस्तीतून त्यानं गठ्ठा आणला. मॅडमनी काही न वाचता आधी सगळ्यांच्या वयांचा ग्राफ काढला. आडव्या रेघेवर वय, उभ्या रेघेवर तेवढ्या वयाची माणसं किती. मग दुसऱ्या एका खात्रीच्या माणसाच्या फॉर्मचा तसाच ग्राफ काढून शेजारी ठेवला.

"काका, काय दिसतं?"

निकमकाकांनी खात्रीच्या ग्राफकडे पाहिलं. तीसवर एक उंच दांडा, पस्तीसवर एक, चाळीसवर सगळ्यात उंच, पंचेचाळीसवर, पन्नासवर. मध्ये सगळं बुटकं. "हा तर कंगवा हाय," काका म्हणाले. मग जगतापच्या ग्राफकडे पाहून, "आन् ही टेकडी."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "माणसाला वय विचारलं की तो गोल सांगतो. कुणी म्हणतो, असेल चाळीस. कुणी म्हणतो, लिहा पन्नास. पण खोटं लिहिणारा गोल आकड्याला घाबरतो. त्याला वाटतं, गोल लिहिलं की पकडले जाऊ. म्हणून तो एकोणचाळीस लिहितो, बेचाळीस लिहितो, सत्तेचाळीस लिहितो. खऱ्या माणसांचा कंगवा होतो. खोट्यांची टेकडी."

मग त्यांनी जगतापच्या फॉर्मवरचे दहा फोन नंबर लावले. सहा अस्तित्वातच नव्हते. जगताप गेला. पण मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्याची टेकडी त्यांनी मोठ्या कागदावर छापली, खाली गोल टपोऱ्या अक्षरात लिहिलं, "क्षेत्र: सातपूर. फॉर्म भरणार: जगताप," आणि कागद दाराशेजारच्या भिंतीवर टाचण्यांनी लावला. फिल्डची माणसं कोरे फॉर्म घ्यायला येत तेव्हा सही करायचं रजिस्टर त्याच भिंतीखाली असे. सही करताना मान वर केली की समोर टेकडी.

वर्षागणिक त्या भिंतीवर कागद वाढत गेले. बघता बघता सोळा झाले. सोळाही वेळा मॅडम बरोबर निघाल्या. नाशकातल्या सगळ्या सर्व्हेवाल्यांत फिल्डची माणसं तीच तीच. एका ऑफिसातून दुसऱ्यात जाणारी. त्यामुळे मॅडमच्या भिंतीवर नाव लागलेल्या माणसाला शहरात कुठेच काम मिळत नसे.

वंदना गांगुर्डे आमच्याकडे आली ती दिंडोरीकडच्या एका खेड्यातून. तिशीची, सावळी, बोलायला तुटक. तिच्या गावातून या कामाला आलेली ती पहिली बाई. एसटीनं यायची, पायी फिरायची. तिचं बघून पुढच्या वर्षी तिच्याच गावच्या आणखी तिघी आल्या. त्या तिघी तिला 'वंदनाताई' म्हणायच्या आणि ती त्यांना रजिस्टरवर सही कुठे करायची ते दाखवायची. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो तोरा असायचा तो मला चांगला आठवतो.

तिच्या पहिल्याच गठ्ठ्यात तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "वय: अंदाजे ४०." "वय: अंदाजे ३५." मॅडमनी तिला उभं केलं, गठ्ठा उचलला आणि तिच्या अंगावर भिरकावला. कागद जमिनीभर पसरले.

"अंदाजे म्हणजे काय? अंदाज बांधायला मी एसी खोलीत बसलेय. तू विचारायला जातेस. अंदाजे हा शब्द परत दिसला तर सरळ गावाला जायचं."

वंदनानं गुडघ्यावर बसून एकेक कागद गोळा केला. कुणी हात लावला नाही. मीही नाही.

वर्षभरानं एक मोठं काम आलं. सातपूरच्या कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या बायकांचा सर्व्हे. पाठ, पाय, मान, काय दुखतं, किती तास उभं राहावं लागतं. वंदनाच्या वाट्याला दोनशेवर फॉर्म होते. काम सुरू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. मागे बसचा आवाज होता.

"पवार सर, वय आधार कार्डावरून काढलं तर चालंल ना? तोंडी ह्या बायका कायबी सांगत्यात. मी कार्ड बघूनच लिहिते."

"चालेल की," मी म्हणालो. "चांगलंच आहे." आणि फोन ठेवला. ते मॅडमना सांगावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

शनिवारी फॉर्म जमा करायला सगळे येत. सातपूरचं काम संपलं त्या शनिवारी खोली भरलेली होती. वंदना होती, तिच्या गावच्या तिघी होत्या, निकमकाका चहा वाटत होते. मॅडमनी भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि दोन ग्राफ शेजारी शेजारी टाकले.

"काका, डावीकडे काय?"

"कंगवा," काकांनी सवयीनं सांगितलं.

"आणि उजवीकडे?"

"टेकडी, मॅडम," काका म्हणाले, आणि मग त्यांची नजर खोलीत फिरली. आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. 

"उजवीकडचा गांगुर्डेचा," मॅडम म्हणाल्या.

वंदना उभी राहिली. आधी तिला कळलंच नाही. तिच्या गावातली एक जण तिच्या कानात काहीतरी बोलली, तेव्हा कळलं.

"मी गेलीय मॅडम घरोघर. एकबी फॉर्म घरी नाय भरला."

"ग्राफ तसं म्हणत नाही."

"मॅडम, देवाशपथ. दीड महिना फिरलीय." तिनं वाकून पायातली चप्पल काढली आणि उलटी करून धरली. टाचेखालचा तळ पार झिजून भोक पडलं होतं. "हे बघा ना."

"चपलेचा ग्राफ निघत नाही," मॅडम म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. मला वाटतं फिल्डच्याच माणसांपैकी कुणीतरी, आपला नंबर नाही या आनंदात. वंदना चप्पल हातात धरून तशीच उभी होती. तासभर हा प्रकार चालला. मॅडमनी तिला विचारलं, कोणत्या हॉटेलात बसून भरलेस, कुणी मदत केली, नवऱ्यानं की दिरानं. एकच प्रश्न त्यांनी विचारला नाही. वय कसं घेतलंस, हे त्या खोलीत कुणीही विचारलं नाही. आणि ते ज्याला ठाऊक होतं तो मी, मॅडमच्या डाव्या हाताला लॅपटॉप धरून बसलो होतो. मला तिचा फोन लख्ख आठवत होता. मी म्हटलं, नंतर एकट्यात सांगू. सगळ्यांसमोर मॅडमना चूक म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यांचा राग माझ्यावर वळला असता, त्याची मला भीती वाटली. याहून मोठं कारण नव्हतं.

जगतापच्या वेळी त्यांनी दहा फोन केले होते. पुढच्या वेळी पाच, मग तीन. वंदनाच्या वेळी एकही नाही. सोळा वेळा खऱ्या ठरल्यावर सतराव्यांदा खात्री करायची त्यांना गरज वाटली नसावी.

संध्याकाळपर्यंत कागद भिंतीवर लागला. "क्षेत्र: सातपूर. फॉर्म भरणार: वंदना गांगुर्डे." सोमवारी तिच्या गावच्या तिघी कोरे फॉर्म घ्यायला आल्या आणि त्याच्याखाली सह्या करून गेल्या.

चार दिवसांनी निकमकाकांनी मला जिन्यात गाठलं. "सर, ती बाई खोटी नाय वाटली मला. मी आपला टेकडी बोलून बसलो. माझ्या तोंडानं गेलं तिचं काम." म्हातारा रडकुंडीला आला होता. मग मात्र मी जाऊन मॅडमना फोनचं सांगितलं. कार्ड बघून वय घेतलं असेल तर दांडे उठणारच नाहीत, टेकडीच होणार, एवढंही बोललो. ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांचा हात पट्टीवर स्थिर झाला होता.

"कधी आला होता फोन?"

मी सांगितलं.

"आणि तू शनिवारी बसला होतास."

"हो."

 मला चार शिव्या बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दिवसभर त्यांनी स्वतः फोन लावले, एकेक फॉर्म पुढ्यात घेऊन. स्पीकरवरून आवाज ऐकू येत होते. "हो हो, आली होती. लय चिवट बाई. कार्ड दावल्याबिगर उठंचना." "कार्ड पेटीत होतं, पेटी उघडायला लावली तिनं." सत्तावीस फोन झाले. सत्तावीसही खरे.

मॅडमनी फोन खाली ठेवला. "सगळे फॉर्म परत घे."

दोन दिवस बसून त्यांनी पहिल्यापासून सगळे तक्ते नव्यानं केले. वंदनाच्या फॉर्मनी ग्राफ बदलला. पाठदुखी कोणत्या वयात सुरू होते ते आता नेमकं दिसत होतं, कारण वयं नेमकी होती. आमच्या ऑफिसातून गेलेला तो सगळ्यात चांगला रिपोर्ट असेल. मॅडम स्वतः म्हणाल्या, "असा डेटा कधी बघितला नव्हता."

मी धीर करून विचारलं, "मग वंदनाला कळवायचं का?"

"काय कळवायचं? तिचा एकही फॉर्म आता रिपोर्टबाहेर नाही."

"भिंतीवरचा कागद?"

"ग्राफ चुकीचा आहे का तो?"

"नाही, पण..."

"आकडे तिच्याच फॉर्ममधले आहेत ना? मग राहू दे. लोक टेकडीला घाबरतात. घाबरू देत."

तेव्हा मला या बाईचा पहिल्यांदा मनापासून राग आला. ग्राफ दुरुस्त करायला त्यांनी दोन दिवस डोळे फोडले होते. चार टाचण्या काढायला त्या तयार नव्हत्या, कारण त्या सगळ्यांच्या देखत काढाव्या लागल्या असत्या.

वंदनाचा मला एकदाच फोन आला. काम परत द्या असं ती म्हणालीच नाही. "सर, तेवढा कागद काढा. आमच्या गावच्या बायका तिथं सही करायला येत्यात. घरी कुणी माझ्याशी नीट बोलंना." मी म्हटलं, "काढतो." रोज संध्याकाळी मी त्या भिंतीजवळून घरी जात होतो. काढला नाही. गावच्या त्या तिघींनीही काम सोडलं. कागद सात वर्षं तिथंच राहिला, कडा पिवळ्या पडल्या, आणि त्यानंतर मॅडमच्या भिंतीवर नवीन कागद एकही लागला नाही. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

मॅडम निवृत्त झाल्या. मागोमाग मालकांनी ऑफिस गुंडाळलं. जागा रंगवायला घेणार होते, तेव्हा मॅडमचा फोन आला. भिंतीवरचे कागद रंगाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नकोस, मला आणून दे. मी सतराही कागद एका पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये घातले आणि पंचवटीतल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलो. त्या खूप वाळल्या होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. टीव्ही चालू होता, तो त्या बघत नव्हत्या. फोल्डर त्यांनी उघडलासुद्धा नाही. टीपॉयवर ठेवायला सांगितला.

तेवढ्यात बेल वाजली. दार मी उघडलं. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, हातात फॉर्म. कुठल्याशा खात्याची ज्येष्ठ नागरिकांची नोंद चालू होती. मी वंदनाला ओळखलं. तिनंही मला ओळखलं. मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि तिची नजर मॅडमवर जाऊन थांबली. मला वाटलं ती मागच्या मागे परत जाईल.

ती आत आली. मॅडमसमोर बसली.

"नाव सांगा."

"विद्या वामन गायधनी." आडनाव ऐकण्याआधीच तिनं लिहिलं होतं. मॅडमच्या ते लक्षात आलं नाही. फॉर्म मांडीवर धरून लिहिताना पेन कागदात रुतत होतं, ते मात्र त्यांच्या लक्षात आलं. टीपॉयवरचा फोल्डर त्यांनी पुढे सरकवला. "याच्यावर ठेवून लिही. अक्षर बिघडतंय."

वंदनानं फोल्डर मांडीवर घेतला, त्याच्यावर फॉर्म ठेवला. 

"वय?"

"लिही सत्तर."

"कार्ड दाखवा."

"अगं, सगळे तोंडी घेतात."

"माझ्याकडं तोंडी चालत नाय."

मॅडम उठल्या. भिंतीला धरत आतल्या खोलीत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ गेला. वंदना दाराकडे बघत बसली होती. मला हळूच म्हणाली, "तो कागद काढला का हो?"

"ऑफिस बंद झालं," मी म्हणालो. "भिंतीला रंग दिला."

तिनं मान हलवली. हात त्याच फोल्डरवर होते.

मॅडम कार्ड घेऊन आल्या. वंदनानं जन्मसाल पाहून हिशोब केला आणि लिहिलं. अडुसष्ट. मॅडम वाकून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा खुलला होता.

"कुणी शिकवलं गं तुला असं?"

"होत्या एक मॅडम."

"कडक असणार."

"लय," वंदना म्हणाली. तिनं सही घेतली, फोल्डर पुसून टीपॉयवर ठेवला, आणि गेली.

मॅडम बंद दाराकडे बघत राहिल्या. "पवार, इतक्या वर्षांत अशी एक मिळाली असती ना मला."

मला ते ऐकवलं नाही. सात वर्षांपूर्वी व्हायला हवी होती ती तळमळ मला तेव्हा झाली. मी फोल्डर उघडला, वंदनाचा कागद काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. मॅडमनी चष्मा चढवला. त्यांचं बोट आधी आडव्या अक्षावरून फिरलं. मग उभ्या अक्षावरून. टेकडीवरून हळूहळू वर गेलं, पलीकडे उतरलं. मग खाली कोपऱ्यात, स्वतःच्याच टपोऱ्या अक्षरापाशी येऊन थांबलं. 

मी उठून दार उघडलं. "मॅडम, इथंच आहे अजून. बोलावू?"

शेजारच्या फ्लॅटची बेल वाजली. जिन्यात तिचा आवाज स्पष्ट येत होता. "घरात साठीच्या वरचं कोण हाय? कार्ड घेऊन या जरा."

मॅडमनी कागद फोल्डरमध्ये घातला. नाडी बांधली, घट्ट, दोनदा गाठ मारून.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "आवाज येतोय."

मी दार लावलं.